भट्टीवरचा भोंगा

स्मशानात काम मिळालंय हे मी घरी सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "दिवसाचंच ना?" आणि दुसरा, "तिकडे बायकांचं काय काम?" मी म्हटलं, मेल्यावर तिकडेच नेणार आहात, आधी जागा बघून घेते. आई उठून चहा ठेवायला गेली. आमच्या घरात उत्तर सुचलं नाही की चहा ठेवतात.

मी इन्स्ट्रुमेंटेशनची डिप्लोमावाली. आधी ठाण्याच्या एका कंपनीत होते. कंपनी गुजरातेत गेली, मी परळलाच राहिले. तेव्हापासून पॅनेलवरची मीटरं बसवणं हा माझा धंदा. बॉयलर, बेकरी, बर्फाचे कारखाने, शिवडीच्या गोदामातली शीतगृहं. जिथे काहीतरी तापतं किंवा गार होतं आणि त्याच्याकडे टक लावून बसायचा माणसाला कंटाळा येतो, तिथे मला बोलावतात. स्मशानही त्यातच येतं, हे आधी कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं, एवढंच.

आमच्याच गिरणगावातली स्मशानभूमी. कुठली ते सांगत नाही. जे तिकडे गेलेत ते ओळखतील आणि ज्यांना जायचंय त्यांनी घाई करू नये. तिथे गॅसवर चालणाऱ्या दोन दाहिन्या. एक दुरुस्तीला काढलेली, दुसरी चालू, पण तिचं तापमान दाखवणारं मीटर आंधळं झालेलं. काटा कायम एकाच जागी. भट्टी गार असो की लालभडक, काटा आपला तिथेच.

दाहिनी चालवणारा ऑपरेटर शीव कोळीवाड्याचा. पन्नाशीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशात कंगवा. पहिल्याच भेटीत त्याने मला त्या मेलेल्या मीटरवर बोटांनी टकटक करून दाखवलं.

"हे बघा मॅडम, कधीकधी मारल्यावर हलतं."

"मग तुम्ही तापमान कसं ओळखता?"

"अंदाजाने. भट्टीचा मूड असतो. आज मूड नाय तिचा, सकाळपासून बघतोय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि माणसावर पण असतं. बारीक माणूस त्रास देतो. जाडा माणूस आपला आपण जातो."

हे खरंय की खोटं ते मी तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. तेव्हा मी नुकतीच वजन कमी करायच्या मागे लागले होते. त्या आठवड्यात तो कार्यक्रम थांबवला.

नवीन मीटर आणलं होतं ते डिजिटल. लाल आकडे, खाली चार बटणं, मागे स्क्रूची रांग. त्यात दोन अलार्म रिले. रिले म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्विच दाबणारं बोट. मीटर म्हणतं, फार तापलं, की एक बोट स्विच दाबतं. मीटर म्हणतं, फार गार झालं, की दुसरं बोट दाबतं. त्या स्विचला काय जोडायचं, दिवा, भोंगा की आणखी काही, ते आपण ठरवायचं.

इथे ते मी ठरवायचं नव्हतं. ज्या कंत्राटदाराकडून मला काम आलं होतं त्याने एक कागद दिला होता आणि त्यात लिहिलं होतं की दोन्ही रिले भोंग्याला जोडा. जास्त तापलं तर भोंगा हे समजू शकते. पण तापमान उतरल्यावर भोंगा कशाला? कागदात कारणही दिलं होतं: माल कच्चा राहू नये म्हणून.

मी त्याला फोन लावला.

"हा कागद बिस्किटाच्या भट्टीचा आहे का हो?"

"का?"

"माल कोणता, कच्चा कोणता? इथे प्रेतं येतात."

"ताई, कागदावर आहे ते करा ना. पास झालंय ते."

"अहो, आत न्यायला दार उघडलं की भट्टी गार होणार. प्रत्येक वेळी भोंगा वाजेल."

"मग वाजू द्या. कोण तक्रार करणार?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याने फोन ठेवला होता.

सकाळी काम सुरू केलं. जुनं मीटर केवढं तरी मोठं, त्याच्या जागी भलंमोठं चौकोनी भोक. नवीन मीटर त्याच्या निम्म्याने. म्हणून पत्र्याची एक चौकट बनवून आणली होती, ती लावली, तिच्यातलं भोक कानशीने घासून बेताचं केलं. घासताना आत जुन्या टेरीकॉटचं कापड पसरलं, कारण पत्र्याचा कीस वायरींवर पडला तर तो काय करील सांगता येत नाही. मीटर पुढून सरकवलं, मागून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आवळल्या. घट्ट बसलं. ह्या क्षणी मला दर वेळी बरं वाटतं. जगात फार कमी गोष्टी अशा बरोबर बसतात.

मग भट्टीतून येणारी वायर. भट्टीच्या भिंतीत एक सळईसारखा सेन्सर असतो, त्याची वायर वेगळ्या धातूची असते, साधी तांब्याची चालत नाही. आधीच्या कुणा इलेक्ट्रिशियनने मध्येच साधी वायर जोडून वर टेप गुंडाळला होता. तो सगळा तुकडा मी काढून टाकला आणि नवी वायर थेट मीटरपर्यंत आणली. त्या वायरीत लाल रंग असतो तो मायनस. होय, मायनस. हे ज्याने ठरवलं त्याला भेटायची माझी इच्छा आहे. ऑपरेटर बाजूला उभा राहून म्हणाला, "मॅडम, लाल उलटी लावताय." मी म्हटलं, बरोबर आहे. तो म्हणाला, "नाय, लाल म्हणजे प्लस. पोराच्या बॅटरीवर पण तसंच असतं." शेवटी मी त्याच्या म्हणण्याप्रमाणे लाल प्लसला लावून दाखवली. सेन्सर भिंतीतून बाहेर ओढला, काडी पेटवून त्याच्या टोकाशी धरली, तर मीटरवरचा आकडा खाली गेला. त्याने कंगवा काढून केस विंचरले आणि म्हणाला, "मग बॅटरीवाले चुकलेत."

वायर पुन्हा होती तशी लावून सेन्सर जागेवर बसवला, मग रिलेची जोडणी झाली. भोंगा पुढच्या हॉलमध्ये, दारावर, जिथे घरचे लोक बसतात त्यांच्या डोक्यावर बसवला. तेही कागदातच होतं. भोंगा गप्प करायचं एक बटण पॅनेलच्या दारावर लावायचं बाकी होतं. ते माझ्या पिशवीत होतं. त्याच्यासाठी भोक पाडणं चहा पिऊन करू असं ठरलं. मधल्या वेळात ऑपरेटरने भट्टी पेटवली, म्हणजे तापल्यावर मीटर तपासता आलं असतं. आकडे चढायला लागले. पहिल्यांदा तापेपर्यंत गार झाल्याचा अलार्म मीटर दाबून ठेवतं, तशी सोय असते. त्यामुळे सगळं शांत होतं. ऑपरेटर आकड्यांकडे बघत राहिला. "एवढं तापतं होय हे," म्हणाला. इतकी वर्षं तो भट्टीच्या समोर उभा होता.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात शववाहिनी आली.

ऑपरेटर म्हणाला, "दुपारी येणार होते हे. दुसरी भट्टी बंद. आणि ही तापलेली आहे. घेऊ का?"

मी म्हटलं, "घ्या. मीटर चालतंय. फक्त मी आधी त्या भोंग्याची वायर सोडवते."

"सोडवा, सोडवा," असं म्हणत तो पुढे गेला. मी कप विसळून पॅनेलपाशी आले तर दाराला कुलूप. लोक आले की त्याला सगळं नीटनेटकं लागायचं. उघड्या वायरी दिसू नयेत म्हणून त्याने पॅनेल बंद केलं आणि किल्ली खिशात टाकून तो पलीकडच्या बाजूला, ट्रॉलीपाशी. मी मागच्या दाराने हॉलमध्ये धावले. पण तोवर विधी सुरू झाले होते आणि अशा वेळी माणसं ओलांडून "अहो, किल्ली द्या" असं ओरडता येत नाही. म्हणजे येतं, पण मला जमलं नाही.

घरचे फार नव्हते. लालबागचं मालवणी कुटुंब. गेलेले आजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, हे मला नंतर कळलं. त्यांची बायको भिंतीला टेकून उभी, पदर खोचलेला, डोळे कोरडे. दोन मुलगे, दोघंही चाळिशीपलीकडचे, हॉलच्या दोन टोकांना. आणि गेलेल्याची धाकटी बहीण, म्हणजे मुलांची आत्या, जी सगळ्यांच्या वाटचं रडत होती. बाकी शेजारीपाजारी.

थोरल्याने पाणी सोडलं. हात जोडले गेले. ऑपरेटरने दार वर घेतलं, आतला लाल उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला, ट्रॉली आत गेली, रिकामी बाहेर आली, दार खाली आलं.

आणि भोंगा वाजला.

साधासुधा नाही. कारखान्यात पंखे आणि पट्टे चालू असताना ऐकू यावा म्हणून बनवलेला भोंगा, चार भिंतींच्या हॉलमध्ये, डोक्यापासून हातभर वर. कबुतरं उडाली. शेजाऱ्यांपैकी एकजण खाली बसला. ऑपरेटर दारापाशी थिजून उभा राहिला आणि त्याने, देवाशपथ सांगते, हात जोडले. दोन तासांपूर्वी त्याच भोंग्याचे स्क्रू त्याने माझ्या हातात दिले होते.

आत्या रडायची थांबली. वर बघून किंचाळली, "दादाचा काय्तरी मनात ऱ्हवला हा!"

मी पुढे झाले. "अहो, काही नाही, तो अलार्म..." पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

"पाट!" आत्या ओरडली. "गणपतीचो पाट! तू न्हेलस तो!"

हे थोरल्याला होतं. मग जे ओरडून ओरडून बोलणं झालं त्यातून मला कळलं ते असं. ह्या घरचा गणपती लालबागला म्हाताऱ्यांकडे, धाकट्याच्या घरी बसायचा. थोरला शीवला राहायला गेला आणि एका वर्षी गणपतीचा पाट घेऊन गेला. म्हणे, थोरला मी, गणपती माझ्याकडे. धाकट्याने नवा पाट केला. दोन घरी दोन गणपती बसायला लागले आणि दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. बाप दोन्हीकडे आरतीला जायचा आणि दोन्हीकडे शिव्या घालून यायचा.

"देतो!" थोरला भोंग्याकडे बघून ओरडला. "बाबा, देतो पाट परत! आणून देतो!"

भोंगा चालूच.

"नको!" धाकटा पहिल्यांदा पुढे आला. "बाबा, त्याच्याकडेच राहू दे! माझं काही म्हणणं नाही!"

भोंगा चालूच. आतमध्ये भट्टी पुन्हा तापायला वेळ घेत होती. बर्नर आपलं काम करत होता, पण त्याला घाई नव्हती. मी हे सगळं जाणून तिथे हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभी होते.

"मगे तुका काय होया ता सांग रे दादा!" आत्या. मग तिला आणखी सुचलं. "व्हिस्की! शेवटी घोट देऊक नाय दिलास तुम्ही!"

"डॉक्टरने नको सांगितलेलं आत्ये!"

"आता कसला डॉक्टर!"

भिंतीला टेकलेली म्हातारी एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलली. माझ्या शेजारीच होती म्हणून मला ऐकू आलं. स्वतःशीच म्हणाली, "जिवंत होतो तेवा पण असोच बोंबलायचो."

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं काय काय कबूल करतात ते मी पाहिलेलं आहे. आमच्या एका काकांच्या वेळी अख्खी गच्ची वाटून झाली होती. पण कावळा निदान उडून जाऊ शकतो, आणि त्याचा आवाज एवढा नसतो. हे पहिल्याच दिवशी आणि कानाशी चाललं होतं.

दोघे भाऊ आता भोंग्याखाली समोरासमोर आले होते. थोरल्याने आधी वर बघितलं, मग धाकट्याकडे.

"एक वर्ष तुझ्याकडे," तो ओरडला, "एक वर्ष माझ्याकडे! पाट एकच! चालेल?"

"चालेल!" धाकटा ओरडला. "पण तू यायचं! आरतीला यायचं, पहिल्या दिवसापासून!"

"येईन!"

आणि भोंगा थांबला.

आकडा ठरवलेल्या हद्दीच्या वर गेला होता, म्हणून. दुसरं काही नाही. पण त्या हॉलमध्ये ते फक्त मला माहीत होतं. एकदम जी शांतता पडली तीत थोरला रडायला लागला, आणि धाकट्याने त्याला धरलं. बरीच वर्षं न बोललेली माणसं कशी धरतात तसं, आधी खांद्याला, मग सगळं. आत्याने दोन्ही हात वर करून नमस्कार केला. ऑपरेटरचे हात अजून जोडलेलेच होते.

मी थोरल्याजवळ गेले. मला गप्प बसता येत नाही, हा माझा स्वभाव आहे. "दादा, तो अलार्म होता. मशीनचा. तापमान उतरलं की वाजतो."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, जशी लहान मुलाच्या बोलण्यावर हलवतात तशी. आत्या म्हणाली, "आसात गो. पण बरोबर आत्ताच कसो थांबलो?"

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं. हद्द, आकडा, बर्नर, सगळं. ते तसंच ठेवून मी वळले.

ऑपरेटरकडून किल्ली घेतली आणि त्याला काय बोलायचं ते पुढ्यातल्या लोकांमुळे मनात बोलले. मागे येऊन पॅनेल उघडत होते तर पाठीमागे कोणीतरी. म्हातारी आली होती. एकटी.

"ह्या काय होता गो बाय?"

मी तिला दाखवलं. आकडा दाखवला, रिले दाखवला, भोंग्याची वायर दाखवली. तिने सगळं लक्ष देऊन बघितलं. गिरणीवाल्या घरातली होती, यंत्राला बिचकत नव्हती.

"म्हणजे दार उघडला की बोंबालता."

"हो आजी. मी आधी बंद करणार होते. सॉरी."

"सॉरी कशाक? मी पंधरा वर्षां सांगतंय दोघांका, माझा कोण ऐकूक नाय." मग तिचा चेहरा हलला आणि मला वाटलं आता रडेल, पण ती हसत होती. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, आवाज न करता. मलाही हसू आलं. एका बाईचा नवरा भिंतीपलीकडे जळत होता आणि आम्ही दोघी पॅनेलच्या दाराआड हसत होतो. मग तिचं हसणं कुठेतरी मध्येच बदललं आणि ती खरंच रडली, थोडंसं, पॅनेलच्या कडेला हात धरून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला ग्रीस होतं.

डोळे पुसून तिने विचारलं, "मगे आता अस्थी काढूक परत दार उघडतले?"

"उघडतील."

"तेवा हो परत बोंबलतलो?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सगळे हॉलमध्येच बसलेले. भट्टीत कोणी उरलं नसताना भोंगा पुन्हा वाजला असता, तर पाटाचा सगळा करार जागच्या जागी मोडला असता.

"मगे बेगीन कर," म्हातारी म्हणाली. "माझे झील हुशार होऊच्या आधी." आणि पदर नीट करून हॉलमध्ये जाऊन बसली, दोन मुलग्यांच्या मध्ये.

मी कंत्राटदाराला विचारलं नाही. गार झाल्याच्या रिलेवरून भोंग्याची वायर काढली. पिशवीत एक पिवळा दिवा होता, दुसऱ्या कामाचा. बटणासाठी जे भोक पाडायचं होतं ते पाडून तिथे तो बसवला आणि त्या रिलेला जोडला. भोंगा फक्त जास्त तापल्यावर वाजेल असा ठेवला. चालू भट्टीच्या पॅनेलमध्ये वायरी काढणं बरोबर नाही, कोणी करू नये. मी केलं. बर्नरच्या वायरींना हात लागू नये म्हणून एक हात पाठीमागे धरून केलं, आणि घाम हनुवटीवरून मीटरवर पडत होता.

दार उघडलं तेव्हा पिवळा दिवा लागला. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. ऑपरेटरने अस्थी आणून दिल्या. थोरल्याने हातात घेतल्या आणि मग धाकट्याच्या हातात दिल्या. बाहेर दोन टॅक्सी उभ्या होत्या. सगळे एकीत मावले नसते, पण भाऊ एकाच टॅक्सीत बसले, पुढे-मागे. म्हातारी बसताना वळून बघेल असं मला वाटलं होतं. नाही बघितलं. गुडघे दुखत असावेत, टॅक्सीत चढताना तिचं सगळं लक्ष पायांकडे होतं.

त्यांच्या पाटाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. लालबागला मी रोज असते, पण तेवढ्या गर्दीत कोणाचा गणपती कोणाकडे हे कोण बघतं.

कंत्राटदार पुढच्या आठवड्यात काम तपासायला आला आणि पिवळा दिवा बघून म्हणाला, "हा कागदात नाही." मी त्याला म्हटलं, थांबा थोडा वेळ, एक येतंय, भोंगा जोडून दाखवते, तुम्ही त्यांच्या समोर उभे राहा. बाहेर शववाहिनीचं दार उघडल्याचा आवाज आला. त्याने दिव्यासकट सही केली आणि मोटारसायकल काढली.

त्या भोंग्याच्या दिवशी काम आटपून निघाले तेव्हा पोटात काही नव्हतं. सरळ नाक्यावरच्या खानावळीत गेले आणि सुरमईचं ताट मागवलं. अर्ध्यात आईचा फोन आला. म्हणाली, आल्यावर बाहेरच थांब, आधी आंघोळीचं पाणी काढते, त्याशिवाय कशाला हात लावू नकोस, काही खाऊ नकोस. मी म्हटलं, बरं. आणि वेटरला आणखी सोलकढी आणायला खूण केली.